समुद्रावरचा न्याय

‘बिली बड’ या ऑपेरात एकही स्त्री नाही. ऑपेरा म्हटलं की आपल्याला आठवते ती तारसप्तकात गाणारी आणि बहुधा शेवटच्या अंकात प्राण सोडणारी नायिका. इथे नायिकाच नाही, त्यामुळे प्रेमकथाही नाही. आहे ते १७९७ सालातलं ब्रिटिश आरमाराचं एक लढाऊ जहाज, ‘इंडॉमिटेबल’, आणि त्यात कोंबलेले शेकडो पुरुष. १ डिसेंबर १९५१ रोजी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा वाद्यवृंदाचं संचालन स्वतः संगीतकार बेंजामिन ब्रिटन करत होता. त्याचं वय अडतीस होतं. केवळ पुरुषांच्या आणि काही मुलग्यांच्या आवाजांवर पूर्ण लांबीची शोकांतिका उभी करायची, हे धाडस त्याआधी इंग्रजीत कोणी केलेलं नव्हतं.

या संग्रहाचा विषय हा ऑपेरा आणि त्याचा कर्ता असा आहे. पण ‘बिली बड’ एकटा उभा नाही. इंग्रजी ऑपेराच्या इतिहासात समुद्र पुन्हा पुन्हा येतो, आणि येतो तेव्हा बहुतेक वेळा मृत्यू घेऊन येतो. नव्या वाचकाला हा सगळा प्रदेश ओळखीचा व्हावा म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे.

आधी गोष्ट. बिली हा तरुण, देखणा, मनानं निर्मळ खलाशी. ‘राइट्स ओ’ मॅन’ या व्यापारी जहाजावरून त्याला सक्तीनं उचलून लढाऊ जहाजावर आणलेलं असतं. त्या काळी आरमाराची भरती बरीचशी अशीच होत असे. बिलीला त्याचं वाईट वाटत नाही. डोलकाठीच्या टोकावरचं काम मिळालं म्हणून तो खुशीत असतो आणि जुन्या जहाजाचा त्याच्या नावानिशी मोठ्यानं निरोप घेतो. ते नाव मानवी हक्कांवरच्या टॉमस पेनच्या पुस्तकाचं. अधिकाऱ्यांना त्या निरोपात बंडाची हाक ऐकू येते. बिलीत एकच उणीव आहे: भावना अनावर झाल्या की त्याची जीभ अडते. जहाजावरच्या शिस्तीचा आणि हेरगिरीचा कारभार पाहणारा जॉन क्लॅगार्ट हा अधिकारी बिलीला पाहतो आणि त्याच क्षणी ठरवतो की याला संपवायचं. तो कप्तानाकडे जाऊन बिलीवर बंडाचा खोटा आरोप करतो. कप्तान व्हिअर सुसंस्कृत माणूस, केबिनमध्ये प्लूटार्क वाचत बसणारा. त्याला क्लॅगार्ट खोटं बोलतोय हे कळतं. तो दोघांना समोरासमोर आणतो. बिली उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि शब्द फुटत नाही. शब्दाऐवजी हात उठतो. एका ठोशात क्लॅगार्ट मरून पडतो. वरिष्ठावर हात उगारणं म्हणजे युद्धकाळात देहदंड. बिली निरपराध आहे हे व्हिअरला माहीत आहे, आणि त्याला वाचवण्यासाठी तो एक शब्दही उच्चारत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बिलीला डोलकाठीवर फाशी देतात.

शोकांतिकेत आपण सहसा खलपुरुष शोधतो. इथे तो आहे, पण तो शेवटाच्या बराच आधी मरतो. त्यानंतर जे घडतं ते सगळं सज्जनांच्या हातून, नियमाला धरून घडतं. मला या कलाकृतीचं सगळं बळ इथे वाटतं.

एक प्रसंग जवळून पाहू. तिघा अधिकाऱ्यांची लष्करी अदालत बसते. ते व्हिअरकडे पाहतात, सल्ला मागतात, तो नकार देतो. शिक्षा ठरते. ती बिलीला सांगायला व्हिअर आतल्या खोलीत जातो आणि दार बंद होतं. रंगमंच रिकामा राहतो. आत काय बोलणं झालं ते मूळ कथेतही लेखकानं सांगितलेलं नाही. ब्रिटन इथे शब्द बाजूला ठेवतो आणि वाद्यवृंदाकडून फक्त ३४ कॉर्ड्‌स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, वाजवून घेतो. एकामागून एक, संथ, सुट्या. धून नाही, ताल म्हणावा असा ताल नाही. प्रत्येक कॉर्ड एफ मेजरच्या तीन स्वरांपैकी एखाद्याला धरून असते, पण सोबतीचे स्वर बदलतात, वाजवणारी वाद्यं बदलतात. आता तंतुवाद्यं, मग पितळी वाद्यं, मग बासऱ्या-क्लॅरिनेट यांचा घोळका. एक कॉर्ड अंगावर येते, पुढची जेमतेम ऐकू येते. प्रेक्षक बंद दाराकडे पाहत असतो. हे क्षमा मागणं आहे की क्षमा करणं, भीती आहे की जवळीक, हे सत्तर वर्षांत कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही. याच कॉर्ड्‌सचे पडसाद पुढे बेड्या घातलेल्या बिलीच्या शेवटच्या गाण्यात आणि म्हाताऱ्या व्हिअरच्या समारोपात उमटतात, तेव्हा एवढंच कळतं की त्या खोलीतून काहीतरी घेऊन ते दोघंही बाहेर पडले.

ऑपेराच्या आरंभीही असंच एक सूत्र आहे. पडदा उघडतो तेव्हा व्हिअर म्हातारा आहे आणि जुन्या गोष्टी आठवतो आहे. खाली वाद्यवृंदात बी फ्लॅट मेजर आणि बी मायनर एकमेकांवर घासत असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एक तंबोरा काळी पाचला लावलेला आणि दुसरा पांढरी सातला, आणि दोन्ही एकदमच छेडलेले. ही अर्ध्या स्वराची कुरकुर पुढे अख्ख्या ऑपेराभर चालू राहते. ज्याला स्वरलिपी येत नाही त्यालाही ती जाणवते. काहीतरी जुळत नाही, एवढं कानाला कळतं.

आता मागे जाऊ. इटलीत १६०० च्या आसपास ऑपेरा जन्मला, पण इंग्लंडनं त्याला दीर्घकाळ घरात घेतलं नाही. तिथल्या दरबारात ‘मास्क’ लोकप्रिय होता: कविता, नृत्य, डोळे दिपवणारी सजावट, आणि दरबारी मंडळींचा स्वतःचा सहभाग. पुढे क्रॉमवेलच्या राजवटीत नाटकांवर बंदी होती. विल्यम डॅव्हनंटनं १६५६ मध्ये ‘द सीज ऑफ ऱ्होड्स’ हे संगीत म्हणून सादर करून त्या बंदीला वळसा घातला. पहिली खरी थोर कृती मात्र हेन्री पर्सेलची. त्याचा ‘डायडो अँड इनीअस’ १६८९ पर्यंत चेल्सीतल्या मुलींच्या एका शाळेत झालेला होता. जेमतेम तासाभराचा हा ऑपेरा आहे. त्यात राणी डायडो मरते, कारण तिचा प्रियकर गलबतावर चढून निघून जातो. आणि तिच्या मरणाच्या थोडंच आधी बंदरावरचे खलाशी हसत-खिदळत नांगर उचलताना गातात. इंग्रजी ऑपेरातला समुद्र तिथूनच असा आहे. तो कोणाच्या दुःखाची दखल घेत नाही.

पर्सेल १६९५ मध्ये, छत्तिशीतच, वारला. त्याची बाकीची मोठी रंगभूमीवरची कामं ‘सेमी-ऑपेरा’ या प्रकारातली. त्यांत मुख्य पात्रं बोलतात आणि गाणं बहुधा परी, देवदेवता, मेंढपाळ अशांच्या वाट्याला येतं. १७११ मध्ये हँडेलचा ‘रिनाल्डो’ लंडनमध्ये रंगभूमीवर आला आणि इटालियन ऑपेराची लाट आली. तिला उत्तर म्हणून १७२८ मध्ये जॉन गेचा ‘द बेगर्स ऑपेरा’ आला: चोर, वेश्या, तुरुंगाधिकारी आणि रस्त्यावरच्या लोकप्रिय चाली. बोलणं आणि गाणं आलटून-पालटून येणारी ही रचना संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला अजिबात परकी वाटणार नाही. ही बोलत-गात जाणारी वाट पुढे एकोणिसाव्या शतकात गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीपर्यंत पोचली. त्यांचा १८७८ चा ‘एच. एम. एस. पिनाफोर’ही आरमारी जहाजावरच घडतो, पण सगळा हसण्यावारी. त्याचे पाचशेहून अधिक प्रयोग सलग झाले. इंग्रज प्रेक्षकाच्या मनात आरमार आणि गाणं यांची सांगड अशी विनोदानं घातली गेली होती. ब्रिटनला ती सोडवून घ्यावी लागली.

गंभीर इंग्रजी ऑपेरा त्या काळात जवळजवळ पोरका होता. एथेल स्मिथच्या ‘द रेकर्स’चं उदाहरण बोलकं आहे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर दिवे विझवून जहाजं खडकावर फोडणाऱ्या आणि त्यांतला माल लुटणाऱ्या गावाची ही कथा. गावाच्या या पापाला विरोध करणाऱ्या दोघा प्रेमिकांना गावकरी समुद्राच्या गुहेत कोंडतात आणि भरती त्यांना गिळते. संगीतकार इंग्लिश, विषय इंग्लिश. पण संहिता मुळात फ्रेंचमध्ये लिहिली गेली आणि पहिला प्रयोग १९०६ मध्ये लायप्झिगला जर्मनमध्ये झाला. स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेत जागा मिळेल याची खात्रीच नव्हती. या बाईंना त्यांचं श्रेय फार उशिरा मिळालं, आणि अजूनही पुरतं मिळालेलं नाही.

त्याच सुमारास लोकगीतांकडे वळलेली पिढी पुढे येत होती. व्हॉन विल्यम्सनं गावोगाव हिंडून गाणी गोळा केली. त्याचा ‘रायडर्स टु द सी’ १९३७ मध्ये रंगभूमीवर आला. जे. एम. सिंजच्या नाटकावरचा हा छोटा ऑपेरा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरच्या एका म्हाताऱ्या आईचा आहे. समुद्रानं तिचे सगळे मुलगे नेले आहेत. तिच्याकडे आता समुद्राला द्यायला काही उरलेलं नाही, म्हणून भीतीही उरलेली नाही. व्हॉन विल्यम्सचा मित्र गुस्टाव होल्स्ट संस्कृत शिकला होता आणि त्यानं महाभारतातल्या सावित्रीच्या कथेवर ‘सावित्री’ हा ऑपेरा लिहिला. तीनच गायक, मूठभर वादक आणि आडोशाला उभं असलेलं शब्दहीन समूहगान. १९१६ मध्ये तो सादर झाला. थोड्या साधनांत ऑपेरा करण्याची जी वाट ब्रिटननं पुढे रुळवली तिचा पहिला दगड मला इथे दिसतो. होल्स्टची मुलगी इमोजेन १९५० च्या सुमारास शांतिनिकेतनात राहून आली आणि १९५२ पासून ती ब्रिटनची संगीत-साहाय्यक होती. हा धागा नुसता योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

बेंजामिन ब्रिटनचा जन्म २२ नोव्हेंबर १९१३ चा, सफोक परगण्यातल्या लोस्टॉफ्टचा. इंग्लंडचं हे अगदी पूर्वेचं गाव. वडील दंतवैद्य, आई हौशी गायिका, घरासमोर उत्तर समुद्र. दहा वर्षांच्या बेंजामिननं नॉर्विचमध्ये फ्रँक ब्रिजची ‘द सी’ ही वाद्यवृंदरचना ऐकली आणि तो हादरून गेला. काही वर्षांत तोच ब्रिज त्याचा गुरू झाला. ब्रिजकडून त्यानं दोन गोष्टी घेतल्या: एकही स्वर वायफळ न लिहिण्याची शिस्त आणि युद्धाबद्दलचा तिटकारा. १९३९ मध्ये तो आणि गायक पीटर पिअर्स अमेरिकेला गेले. पिअर्स हा त्याचा जन्माचा सोबती. दोघं १९७६ पर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या मृत्यूपर्यंत, एकत्र राहिले. ज्या काळात असं नातं इंग्लंडमध्ये तुरुंगात पाठवण्याजोगा गुन्हा होता, त्या काळाची ही गोष्ट आहे.

१९४१ मध्ये कॅलिफोर्नियात असताना त्याच्या हाती ‘द लिसनर’चा अंक पडला. त्यात ई. एम. फॉर्स्टरनं जॉर्ज क्रॅब या जुन्या कवीवर लिहिलं होतं. क्रॅब ऑल्डबराचा, म्हणजे ब्रिटनच्याच किनाऱ्यावरचा. परदेशी बसलेल्या माणसाला आपला दगडगोट्यांचा किनारा आठवला आणि परत जायचं ठरलं. १९४२ च्या वसंतात, पाणबुड्यांची भीती असताना, एका स्वीडिश मालवाहू जहाजातून दोघं अटलांटिक ओलांडून आले. युद्धाला नकार देणारे म्हणून न्यायाधिकरणापुढे उभे राहिले आणि सैनिकी सेवेतून सुटले. क्रॅबच्या ‘द बरो’ या काव्यातून निघालेला ‘पीटर ग्राइम्स’ ७ जून १९४५ ला लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये रंगभूमीवर आला. युरोपातलं युद्ध संपून जेमतेम महिना झाला होता.

ग्राइम्स हा तापट, एकलकोंडा मच्छीमार. त्याच्या हाताखालचा पोरगा समुद्रात मरतो. गाव त्याला खुनी ठरवतं, आणि दुसराही पोरगा कड्यावरून पडून मरतो तेव्हा जमाव त्याच्या नावाचा घोष करत निघतो. शेवटी त्याला स्वतःची होडी खोल पाण्यात नेऊन बुडवायला सांगितलं जातं. क्रॅबच्या कवितेतला ग्राइम्स सरळ क्रूर आहे. ब्रिटन आणि पिअर्स यांनी त्याला गावानं वाळीत टाकलेला माणूस केला. होडी बुडाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाव नेहमीसारखं कामाला लागतं. मधल्या चार सागरी वाद्यरचना आज स्वतंत्रपणे जगभर वाजतात. पर्सेलनंतर अडीचशे वर्षांनी इंग्रजी ऑपेराला जगाच्या रंगमंचावर बसायला जागा मिळाली ती या एका कृतीमुळे, असं म्हणणं मला मुळीच धाडसाचं वाटत नाही. पर्सेलचा उल्लेख इथे अलंकार म्हणून केलेला नाही. इंग्रजी शब्दाच्या आघातावर स्वर कसा बसवायचा, एखादं साधं अक्षर लांबवून त्यात अर्थ कसा भरायचा, हे ब्रिटन त्याच्याकडूनच शिकला.

‘बिली बड’ची मूळ कथा हर्मन मेल्व्हिलची. त्याची स्वतःची कहाणीही उदास आहे. ‘मोबी डिक’चा हा लेखक शेवटी न्यूयॉर्कच्या जकात खात्यात नोकरी करून १८९१ मध्ये विस्मृतीत वारला. ‘बिली बड’चं हस्तलिखित अपुरं राहिलं होतं आणि ते छापलं गेलं १९२४ मध्ये. मेल्व्हिल तरुणपणी अमेरिकी आरमारात खलाशी होता. चाबकाचे फटके त्यानं डोळ्यांनी पाहिले होते. त्याचा एक मामेभाऊ ‘सॉमर्स’ या जहाजावर अधिकारी होता, आणि त्या जहाजावर १८४२ मध्ये बंडाच्या संशयावरून तिघांना फाशी दिलं गेलं होतं. कथेसाठी त्यानं निवडलेलं १७९७ साल तर इंग्लंडच्या इतिहासातलं. त्या वर्षी स्पिटहेड आणि नोर इथे आरमारात बंडं झाली. पगार आणि अन्न यांच्या तक्रारींवरून सुरू झालेलं पहिलं बंड माफीनं मिटलं, दुसऱ्याच्या पुढाऱ्याला फाशी झाली. ‘इंडॉमिटेबल’वरचा प्रत्येक अधिकारी या बातम्या उशाशी घेऊन झोपतो आहे हे लक्षात ठेवलं नाही, तर त्यांचं वागणं आपल्याला निव्वळ दुष्टपणाचं वाटेल.

बिलीचं जहाज कल्पित आहे, पण कथेतलं हे ७४ तोफांचं जहाज ज्या जातीचं आहे, त्या जातीची जहाजं मुंबईत बांधली गेली आहेत. वाडियांनी मुंबईच्या गोदीत ब्रिटिश आरमारासाठी बांधलेलं ‘मिंडेन’ १८१० मध्ये पाण्यात उतरलं. १८१७ मध्ये इथेच बांधलेली सागवानी ‘ट्रिंकोमली’ ही फ्रिगेट आज इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर उभी आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी तिच्या खालच्या मजल्यावर जाऊन उभं राहावं. बुटक्या छताखाली एवढी माणसं कशी मावत असतील, हे तिथे कळतं.

ऑपेराची संहिता लिहिली फॉर्स्टर आणि एरिक क्रोझिअर यांनी. तोच फॉर्स्टर, ज्याच्या लेखानं ब्रिटनला घरी आणलं. मराठी वाचकाला फॉर्स्टरची एक वेगळी ओळख आहे, किंवा असायला हवी. १९२१ मध्ये तो देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव होता. मराठा संस्थानाच्या त्या दरबारात त्यानं काही महिने काढले, गोकुळअष्टमीचा सोहळा पाहिला, आणि त्याची पत्रं व आठवणी ‘द हिल ऑफ देवी’ या नावानं १९५३ मध्ये, म्हणजे ‘बिली बड’नंतर दोनच वर्षांनी प्रसिद्ध केल्या. त्या पुस्तकाच्या नावातली टेकडी म्हणजे देवासची माताजींची टेकडी. तिच्याच पायथ्याशी पुढे कुमार गंधर्वांचं घर झालं. फॉर्स्टरला नेमून दिलेले दर्जे ओलांडून माणसामाणसांत जुळणाऱ्या जिव्हाळ्याचं फार मोल वाटे. ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) नंतर त्यानं कादंबरी प्रसिद्ध केली नाही. सत्तरी ओलांडताना त्यानं या जहाजाच्या गोष्टीत जीव ओतला, याचं कारण मला तिथे सापडतं. कप्तान आणि खलाशी यांच्यात जे आहे त्याला जहाजावरच्या नियमांत नावच नाही.

फॉर्स्टर-ब्रिटन जोडीनं मूळ कथेत केलेला मोठा बदल व्हिअरचा आहे. मेल्व्हिलचा व्हिअर अदालतीत स्वतः बोलून शिक्षेकडे नेतो आणि पुढे लवकरच लढाईत जखमी होऊन मरतो. ऑपेरातला व्हिअर गप्प राहतो आणि दीर्घायुषी होतो. आधी आणि शेवटी तोच बोलतो. म्हणजे आपण पाहतो ते सगळं त्याच्या आठवणीतून. या बदलामुळे नाटकाचा नायक कोण, हा वाद सुरू झाला आणि तो संपलेला नाही.

अभ्यासकांचे साधारण तीन-चार मतप्रवाह आहेत. एकांना ही ख्रिस्ती रूपककथा वाटते: बिली निष्पाप बळी, फाशीच्या आधी कप्तानाला आशीर्वाद देणारा. मेल्व्हिलच्या कथेबद्दलही पूर्वी असंच म्हटलं जाई की ही म्हाताऱ्या लेखकाची जगाशी झालेली तडजोड. दुसऱ्यांना ते मान्य नाही; त्यांच्या मते कथा राज्यसत्तेवरचा आरोप आहे आणि व्हिअरची सुसंस्कृतता हे तिच्या क्रौर्यावरचं रेशमी पांघरूण आहे. कायद्याच्या अभ्यासकांनी या कथेवर जेवढं लिहिलं तेवढं फार थोड्या ललित कृतींवर लिहिलं असेल. तिसरा प्रवाह फिलिप ब्रेट या संगीत-अभ्यासकापासून जोरात वाहू लागला. त्यानं ब्रिटनचं समलिंगी असणं आणि त्याच्या ऑपेरांतला एकटा पडलेला माणूस यांचा संबंध उघडपणे मांडला. क्लॅगार्टचा द्वेष ही दडपलेल्या ओढीची विषारी झालेली बाजू आहे, हे वाचन आज जवळजवळ सर्वमान्य आहे. फॉर्स्टरलाही क्लॅगार्टच्या मोठ्या स्वगतात तीच धग हवी होती आणि संगीताच्या पहिल्या रूपात ती कमी वाटली म्हणून त्यानं ब्रिटनकडे नापसंती कळवली होती.

या प्रत्येक वाचनात तथ्य आहे. माझं मत विचारलं तर कोणतंही एक वाचन त्या ३४ कॉर्ड्‌सपुढे टिकत नाही. ब्रिटन निकाल देत नाही. तो व्हिअरला दोषमुक्त करतो असं शेवटच्या स्वरांवरून काही जण म्हणतात. पण त्याच व्हिअरच्या तोंडी आधी अशी कबुली आहे की वाचवणं शक्य असूनही आपण वाचवलं नाही. ही कबुली आणि नंतरची शांती या दोन्ही खऱ्या धराव्या लागतात.

आणखी एक प्रसंग सांगायचा मोह आवरत नाही. पहिल्या अंकात एका कोवळ्या, नवख्या पोराला पाय घसरल्याबद्दल फटक्यांची शिक्षा होते. फटके आपल्याला दिसत नाहीत. नंतर सोबती त्याला आधार देऊन आणतात. त्याला चालता येत नाही. इथे ब्रिटन सॅक्सोफोनचा एकटा सूर वापरतो. एवढ्या सगळ्या आरमारी तुताऱ्या-नगाऱ्यांमध्ये हे वाद्य बाहेरचं, जहाजावर चुकून आलेल्यासारखं वाटतं, आणि नेमकं तेच त्या पोराचं आहे. याच पोराला पुढे पुन्हा फटक्यांची भीती घालून क्लॅगार्ट बिलीविरुद्ध वापरतो. भीती माणसाकडून काय काय करून घेते, ते या एका लहान पात्रात सगळं आलं आहे.

मूळ ऑपेरा चार अंकी होता. १९६० मध्ये ब्रिटननं तो दोन अंकी केला आणि पहिल्या अंकाच्या शेवटचा, कप्तान डेकवर येऊन सगळ्यांपुढे भाषण करतो तो, प्रवेश काढून टाकला. पहिल्या प्रयोगानंतर एका नामवंत समीक्षकाला त्यात ‘पिनाफोर’ आठवला होता. आता जहाजावरचा व्हिअर आपल्याला पहिल्यांदा केबिनमध्ये, पुस्तक हाती घेतलेला दिसतो. खलाशी ज्याच्यावर जीव ओवाळतात तो त्यांच्यात मिसळलेला दिसतच नाही, हा बदल माझ्या मते नाटकाच्या हिताचा झाला.

ब्रिटननं पुढे बरंच लिहिलं: ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१९५४), जपानी नो नाटक पाहून सुचलेलं ‘कर्ल्यू रिव्हर’ (१९६४), अखेरचा ‘डेथ इन व्हेनिस’ (१९७३). त्याच्या पिढीतला मायकेल टिपेट अगदी निराळ्या, स्वप्नरंजक वाटेनं गेला. नंतरच्यांपैकी पीटर मॅक्सवेल डेव्हिसचा ‘द लाइटहाउस’ (१९८०) आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. डिसेंबर १९०० मध्ये स्कॉटलंडजवळच्या फ्लॅनन बेटांवरच्या दीपगृहातले तीन रखवालदार नाहीसे झाले, त्या घटनेवर तो बेतला आहे. तिथेही बंद जागा, तिथेही फक्त पुरुष.

हे सगळं आज मराठीत का? माझ्यापुरतं उत्तर असं. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावर सुरू झालेलं नाविकांचं बंड आपल्या शहराच्या स्मरणात आहे. निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक या तक्रारींवरून ते पेटलं. स्पिटहेडच्या तक्रारी दीडशे वर्षांनी मुंबईच्या बंदरात पुन्हा ऐकू आल्या. म्हणजे आरमारी शिस्त आणि तिच्या पोटातली भीती हा आपल्याला दूरचा विषय नाही. दुसरं: ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधला, सज्ञानांच्या संमतीनं असलेले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. ब्रिटनच्या हयातीत तसाच बदल इंग्लंडमध्ये १९६७ ला झाला, आणि त्यातूनही सैन्यदलं व व्यापारी नौदल वगळलेली होती. ज्या गोष्टीला नाव घेता येत नाही ती गोष्ट माणसं कशी जगतात, हे समजून घ्यायला ‘बिली बड’सारखी दुसरी कलाकृती मला माहीत नाही. आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं: भीतीच्या काळात चांगली माणसं नियमाच्या आड उभी राहून अन्याय होऊ देतात. हे वसतिगृहात घडतं, कचेरीत घडतं, न्यायालयातही घडतं.

या संग्रहात ऑपेराचं कथासार देऊन थांबायचं नाही, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. लिहिणारे सगळे संगीताचे अभ्यासक नाहीत. कोणी कायद्याकडून आलं आहे, कोणी कथेकडून, कोणी आरमाराच्या इतिहासाकडून. त्यांची मतं जुळत नाहीत आणि ती जुळवून घेण्याचा प्रयत्न संपादनात केलेला नाही. स्वरलिपी कुठेही छापलेली नाही. संगीताबद्दल जे म्हटलं आहे ते कानानं पडताळता यावं, एवढा एकच आग्रह प्रत्येकाकडे धरला. पाश्चात्त्य संगीताची तालीम नसलेला, पण दीर्घ मैफलीत चित्त लावून बसण्याची सवय असलेला वाचक आमच्या डोळ्यांसमोर होता, आणि असा वाचक मराठीत भरपूर आहे.

वाचकाला एक विनंती. पुस्तक वाचायच्या आधी ऑपेरा एकदा सलग ऐका. ब्रिटननं स्वतः १९६७ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून डेक्का कंपनीसाठी केलेलं ध्वनिमुद्रण सहज मिळतं. त्यात पीटर ग्लॉसप बिली आहे, मायकेल लँग्डन क्लॅगार्ट आणि पिअर्स व्हिअर. अडीच तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. संहिता समोर ठेवा, फोन बाजूला ठेवा. दार बंद होऊन त्या कॉर्ड्‌स सुरू झाल्या की संहिता मिटून नुसतं ऐका. व्हिअर दोषी की नाही, याचा निकाल या पुस्तकातल्या कोणत्याही लेखावर सोपवू नका. तो तुम्हीच द्या, आणि जहाजावरच्या त्या तीन अधिकाऱ्यांनी घेतला त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन द्या.